ऑपरेटरला आधी जमीन कळावी लागते

पोकलेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या दोन हातांत दोन जॉयस्टिक असतात. सर्वसाधारण रचनेत डाव्या हाताने मशीनचा वरचा भाग फिरतो आणि आर्म आत-बाहेर होतो. उजव्या हाताने बूम वर-खाली होतो आणि बकेट वळते. मुरलेला ऑपरेटर या सगळ्या हालचाली एकमेकींत अशा मिसळतो की बकेट भरून वर येईपर्यंत मशीन डंपरकडे वळलेलंही असतं. काही मशीनमध्ये मात्र बूम डाव्या हाताकडे आणि आर्म उजव्या हाताकडे असतो. आज या मालकाचं मशीन, उद्या त्या मालकाचं, असं काम करणाऱ्याने रचना आधी तपासली नाही तर सवयीचा हात नेमकी उलटी हालचाल करतो. खाली माणूस असेल तर तेवढं पुरतं.

तरीही हाताचं काम सरावाने बसतं. वीस टनांचं धूड ज्या जमिनीवर उभं करायचं, ती ते पेलेल का, हे ओळखायला वर्षं जातात. या धंद्यातलं खरं कसब तिथे आहे.

काळी माती, मुरूम आणि भराव

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक वाटते आणि तिला हातभर भेगा पडतात. पावसाचं पाणी मुरलं की तीच माती फुगते, मऊ पडते आणि चेनखालून सरकू लागते. मुरमाची तऱ्हा वेगळी. उभा कापला तरी तो काही काळ ताठ उभा राहतो आणि त्यामुळेच फसवतो, कारण ढासळताना फारशी सूचना देत नाही. सगळ्यात बेभरवशाचा असतो भराव. बुजवलेली विहीर, जुनी ड्रेनेज लाइन, नीट न दाबलेली माती. वरून सगळं सारखंच सपाट दिसतं.

एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, ओली असली तर आणखी जास्त. चराच्या कडेला उकरलेल्या मातीचा ढीग आणि शेजारी मशीन, असा भार पडला की कड आत कोसळते. तळाशी पाइप जोडणारा मजूर छातीपर्यंत जरी गाडला गेला, तरी त्या दाबाखाली त्याला श्वास घेता येत नाही. म्हणून जाणता ऑपरेटर ढीग कडेपासून लांब टाकतो, चेन कडेला काटकोनात ठेवतो आणि चेन ओढणारी मोटर मागच्या बाजूला येईल असं मशीन उभं करतो. जमीन खचतेय असं वाटलं तर वळत बसावं लागत नाही, सरळ मागे येता येतं.

वजनापेक्षा अंतर मोठं

पाण्याची बादली छातीशी धरली तर जड वाटत नाही. हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. क्रेनचं गणित तेच आहे. चौदा टनांची हायड्रा क्रेन चौदा टन उचलते ती फक्त बूम अगदी आखूड आणि जवळ असताना. बूम जसजसा लांबतो तशी क्षमता झपाट्याने घटते. किती अंतरावर किती वजन चालेल याचा तक्ता प्रत्येक क्रेनसोबत येतो, आणि तो न वाचता अंदाजाने उचललेला माल क्रेन उलटवू शकतो.

आपल्या साइटवर सर्रास दिसणारी हायड्रा तर माल लटकवून चालतेही. तिचा बूम ऑपरेटरच्या नजरेच्या आड येतो. ती मधोमध मोडून वळते, त्यामुळे वळताना तोल बदलतो. लटकणारा माल हाताने धरून पुढे चालणारा हेल्पर नेमका तिच्या वाटेत असतो. दोरी बांधून बाजूने माल सावरणं एवढी साधी गोष्ट त्याचा जीव वाचवते.

वारा हाही भारच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. 14 जुलै 1999 रोजी अमेरिकेत मिलवॉकी इथे स्टेडियमच्या छपराचा चारशे टनांहून जड भाग उचलताना महाकाय क्रेन कोसळली आणि तीन कामगार गेले. त्या छपराच्या भागावर पडणारा वाऱ्याचा जोर नीट हिशेबात धरला गेला नव्हता.

समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात 2023 मध्ये, 31 जुलैच्या मध्यरात्रीच्या सुमारास, पुलाचे भाग बसवणारा गर्डर लाँचर कोसळला आणि 20 जणांचा जीव गेला. अशी यंत्रणा एका ऑपरेटरच्या हातात कधीच नसते. आराखडा, आधार, बोल्ट, कामाचा क्रम, सिग्नल देणारा माणूस या साखळीतली प्रत्येक कडी तितकीच भरवशाची असावी लागते.

केबिनमधून न दिसणारं

पोकलेनच्या उजव्या बाजूचा मोठा भाग बूममुळे झाकला जातो आणि मागचं काउंटरवेट फिरताना तिथे कोण उभं आहे ते दिसत नाही. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये उभं राहू नये, हा नियम हेल्परला पहिल्या दिवशी सांगायला हवा. ऑपरेटरशी नजरानजर झाल्याशिवाय आणि बकेट जमिनीला टेकल्याशिवाय जवळ जायचं नाही, हा दुसरा.

वरची तार त्याहून घातक. बूम विजेच्या तारेला लागला तर केबिनमध्येच थांबायचं, इतरांना ओरडून लांब ठेवायचं आणि वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावरच उतरायचं. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारायची. मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. मग पाय जमिनीवरून न उचलता, एकमेकांना चिकटवून सरकत लांब जायचं, कारण आसपासच्या जमिनीतही वीज पसरलेली असते आणि टाकलेल्या पावलाच्या दोन टोकांत झटका बसतो. मशीन उलटत असेल तेव्हाही उडी मारण्याची उबळ आवरावी लागते. मजबूत केबिन आणि लावलेला सीट बेल्ट माणसाला वाचवतात. बाहेर उडी मारणारा बहुधा मशीनखालीच सापडतो.

तासाचं भाडं आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क

आपल्याकडे बहुतेक ऑपरेटर हेल्पर म्हणून सुरुवात करतात. ग्रीस भरायचं, मशीन धुवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत जरा सीटवर बसायचं. या गुरुकुलातून उत्तम कारागीर घडले आहेत, पण त्यात तक्ता वाचणं किंवा मातीचा दाब समजणं शिकवलं जाईलच असं नाही. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आज उपलब्ध आहे. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये कायदा आणि 1998 मध्ये केंद्रीय नियम आले. वजन उचलणारं यंत्र 18 वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायला त्यांत मनाई होती.

कागद मात्र तासाच्या भाड्यापुढे दुबळा पडतो. मशीन तासावर येतं, त्यामुळे थांबलेलं मशीन मालकालाही खुपतं आणि काम देणाऱ्यालाही. कड ढासळेल म्हणून थांबणारा ऑपरेटर ‘कामचुकार’ ठरतो; धोका पत्करून काम उरकणाऱ्याचं कौतुक होतं. अपघात झाला की चूक मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होते.

हे बदलणं आपल्याही हातात आहे. शेततळं खोदणारा शेतकरी, विहिरीवर यारी लावणारा, सोसायटीची टाकी बांधणारा, गल्लीत पाइपलाइन टाकणारी नगरपालिका, सगळेच मशीन भाड्याने आणतात. ऑपरेटरचा परवाना आणि प्रशिक्षण आपण विचारू शकतो. जमिनीखाली आणि डोक्यावर काय आहे ते त्याला आधी सांगू शकतो. यारीचा दोर कधी बदलला हे विचारू शकतो आणि तिची बकेट वर येत असताना खालच्या माणसाला आडोशाला उभं करू शकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, धोका वाटून ऑपरेटरने मशीन थांबवलं तर त्या तासाचे पैसे कापायचे नाहीत, हे काम ठरवतानाच बोलून घेऊ शकतो. तेवढ्या पैशांत आपण त्याचं सगळ्यात मोलाचं कसब विकत घेत असतो.