दरफाळणी आणि निनवे नगरी

यहुदी धर्मग्रंथांतील पश्चात्तापाचा विचार मल्हारगंजातील मराठी श्रोत्यांपुढे मांडताना मी आरंभ कोकणातून करतो. तेथील बेने इस्राएल (गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत) योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनी दारे लावून उपवास करीत. म्हणून त्यांच्या मराठीत तो ‘दरफाळणीचा सण’ ठरला. हिब्रू ग्रंथांचा परिचय तुटला होता, उपवास तेवढा टिकला. पुढे १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ मात्र ‘दयेचे द्वार’!

या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योनाचा ग्रंथ वाचण्याची यहुदी परंपरा आहे. निनवे ही अश्शूरची नगरी; आणि इ. स. पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचे राज्य बुडविले ते याच अश्शूरने. ग्रंथात ही वैऱ्याची नगरी पश्चात्ताप करते आणि ईश्वर योजिलेली शिक्षा आवरतो. संदेष्टा योना संतापतो. मला त्याचा राग परका वाटत नाही. ज्यांनी सोसले त्यांच्या दुःखाचा हिशेब कोणी द्यावा? पश्चात्तापासाठी हिब्रूत धातू आहे ‘शूव’, म्हणजे परतणे. परतणारा कोणाचा, हे ईश्वर पाहत नाही. योनाला तो उत्तरही देत नाही, उलट त्यालाच विचारतो, की एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि इतक्या गुराढोरांची कीव मी करू नये काय? ग्रंथ या प्रश्नावरच संपतो.