जुन्या पेट्या व फडताळें : संग्राहकानें निवड कशी करावी

दप्तर हातीं आलें कीं संशोधकाचें सारें लक्ष कागदाकडे लागतें. अक्षर कोणाचें, शिक्का कोणाचा, तिथि जुळते कीं नाहीं, ह्यांतच तो गुंतून जातो. आणि ज्या पेटीनें तो कागद शें-दीडशें वर्षें सांभाळला ती ओटीवर रिकामी पडून राहते. पुढें ती खरवडून, रंगवून कोणाच्या तरी दिवाणखान्यांत जाते. पेटी व कागद ह्यांची अशी ताटातूट झाली म्हणजे दोहोंचीही साक्ष लंगडी पडते. जुनी पेटी वा फडताळ घरीं आणूं पाहणाऱ्या संग्राहकानें तिच्याकडे दोन दृष्टींनीं पाहिलें पाहिजे : एक, ती स्वतःच एक साधन आहे, आणि दुसरी, ती इतर साधनांची रखवालदार होणार आहे. पहिली दृष्टि सुटली तर पुरावा बुडतो, दुसरी सुटली तर कागद बुडतो.

हा विषय वाळूजकडील मंडळींस विशेष निकडीचा आहे. वाळूज हें गंगापूर तालुक्यांतील गांव छत्रपति संभाजीनगराहून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १९८० नंतरच्या दशकांत येथें औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि शेतकी गांवाचें रूप एका पिढींत पालटलें. अशा गांवीं माळवदाचीं जुनीं घरें उतरतात तेव्हां तुळया, चौकटी, पेट्या व फडताळें ह्यांस लागलीच गिऱ्हाईक मिळतें. पेटींतील रुमालांस मात्र मिळत नाहीं. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें येथील एकाच पेटींत मोडी, फारसी व उर्दू असे तिन्ही प्रकारचे कागद निघूं शकतात; आणि घरच्यांस तीनही वाचतां येत नसल्यास सारी रद्दीच ठरते.

(१) प्रकार व उपयोग. आपल्या घरांत वस्तु ठेवण्याच्या साधनांचीं नांवेंच त्यांचा इतिहास सांगतात. संदूक हा शब्द अरबीकडून आला, अलमारी पोर्तुगीजांकडून. दप्तर हा शब्द फारसीमार्गें आला असून त्याचें मूळ चामडें ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दांत दाखवितात. फडताळ म्हणजे बहुधा भिंतींतच बसविलेलें, खणांचें व दारांचें. पेटी, संदूक, पेटारा हीं उचलून नेण्याचीं साधनें. त्यांस बाजूंनीं कड्या असतात त्या ह्याचसाठीं. आग लागली वा पूर आला तर दोन माणसें कड्या धरून पेटी बाहेर काढूं शकतात. फडताळास तें साधत नाहीं. उलट पेटींत तळाचा रुमाल हवा असेल तर वरचे सारे उपसावे लागतात, आणि तळच्या कागदांवर वरचा भार कायम राहतो. म्हणून जे कागद वारंवार पाहावयाचे त्यांस खणांचें कपाट घ्यावें, आणि जे वर्षांतून एकदोनदां उघडावयाचे त्यांस पेटी घ्यावी. खरेदीस जातांना आपल्या सर्वांत लांब पोथीचें व सर्वांत जाड रुमालाचें माप बरोबर न्यावें; आंतील माप घ्यावें, बाहेरचें नव्हे. पोथी तिरकी ठेवावी लागली तर पेटी कितीही देखणी असली तरी ती आपली नव्हे.

(२) लाकूड. जुन्या सामानांत साग व शिसव हीं श्रेष्ठ. सागाच्या गाभ्यांत तैलयुक्त व राळेसारखे पदार्थ असल्यामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. परंतु हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतच्या पांढरट लाकडांत तो नसतो. ‘अस्सल साग’ म्हणून घेतलेल्या पेटीच्या एखाद्या फळीच्या कडेसच भोंकें दिसतात त्याचें कारण हेंच. आंब्याच्या लाकडास कीड लवकर लागते, आणि पुष्कळदां पेटीचा दर्शनी भाग सागाचा व बूड आणि पाठ आंब्याची असते. म्हणून पेटी प्रथम उलटी करून पाहावी. तिची खरी जात बुडाशीं कळते.

हवेचाही विचार करावा. कोंकणांतील वा गोव्यांतील दमट हवेंत मुरलेली पेटी वाळूजच्या चैत्र-वैशाखांत आणली तर लाकूड रुंदींत आंखडतें, फळ्यांचे सांधे उघडतात, कधीं झांकणास उभी चीर जाते. अशी पेटी पावसाळ्याच्या अखेरीस आणावी, उन्हापासून व पंख्यापासून दूर ठेवावी, आणि एक उन्हाळा जाईपर्यंत दुरुस्तीची घाई करूं नये.

(३) वयाची परीक्षा. विक्रेता सांगतो तें वय धरूं नये, पेटीस विचारावें. हातकरवतीच्या खुणा सरळ व थोड्या वेड्यावांकड्या असतात, चक्राकार करवतीच्या खुणा कमानीसारख्या वांकलेल्या असतात. हातानें ठोकून केलेला खिळा चौकोनी व निमुळता असतो. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्रास झाला. टोंकदार यंत्रनिर्मित स्क्रू त्या शतकाच्या मध्यानंतरचा, आणि डोक्यावर फुलीची खांच असलेला १९३० नंतरच्या दशकांतला. प्लायवूडची पाठ दिसली तर ती पाठ तरी विसाव्या शतकांतली समजावी. तथापि एका खिळ्यावरून साऱ्या पेटीचा निवाडा करणें म्हणजे एका शब्दावरून साऱ्या बखरीचा निवाडा करण्यासारखें आहे. मूळ पेटी जुनी व बिजागरी मागाहूनची असें नेहमीं घडतें. जुन्या बिजागरीची पुसट खूण, बुजविलेलीं भोंकें, फळीच्या रंगांतील फरक हीं हस्तलिखितांतील खाडाखोडीप्रमाणें वाचावीं.

झीज कोठें आहे हें तर अवश्य पाहावें. खरी झीज हात लागतो तेथें असते : झांकणाची पुढली कड, कडीखालची जागा, पायांचे कोपरे. सर्वत्र सारखी झीज ही कानशीची झीज होय. बाजारांत आणखी एक प्रकार फार आढळतो. उतरलेल्या वाड्याच्या तुळया व दारें घेऊन त्यांचीं नवीं कपाटें करितात. त्यांचें लाकूड जुनें असतें, कपाट जुनें नसतें. घरांत वापरण्यास तें उत्तमच. परंतु पुराणवस्तु म्हणून त्यास दाम देऊं नये, व साधन म्हणून त्याचा उल्लेख करूं नये.

(४) पेटी वाचणें. हें सर्वांत महत्त्वाचें, आणि हेंच बहुधा होत नाहीं. पेटी पुसण्यापूर्वीं, तेल लावण्यापूर्वीं ती वाचावी. झांकणाच्या आंतल्या बाजूस, कप्प्यांच्या तळाशीं, पाठीवर नांव, अंक वा सन लिहिलेला आढळतो. आंतून चिकटविलेला कागद खरवडूं नये. अस्तरास घरांतील जुने जमाखर्चच वापरण्याची चाल होती. बाजूचा लहान कप्पा बाहेरून जेवढा दिसतो तेवढाच आंतून खोल आहे काय हें मापून पाहावें. फरक निघाला तर चोरकप्पा आहे असें समजावें.

सन वाचतांना मराठवाड्यांत एक चूक सहज होते. नुसता १३२० असा आंकडा दिसला कीं तो हिजरी समजून इ. स. १९०२ धरला जातो. परंतु निजामी कारभारांत फसली सन चाले, आणि दक्षिणेकडील फसलींत ५९० मिळविले असतां स्थूलमानानें इसवी सन येतो. म्हणजे तो आंकडा फसली असल्यास १९१० होतो. आठ वर्षांच्या फरकानें पेटीचा मालक बाप होता कीं मुलगा हें बदलूं शकतें.

पेटींत रुमाल असतील तर ते ज्या क्रमानें होते तो क्रम उतरून घ्यावा, छायाचित्रें काढावीं, आणि मगच ते हलवावे. कागद सुटा झाला कीं त्याचें कूळ हरवतें. वि. का. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्यांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून खाजगी घरांतील दप्तरांचें मोल आपणांस कळलें आहे. पण कोणत्या घरच्या कोणत्या पेटींतून कागद आला ही नोंद नसेल तर त्या मोलांतील अर्धें जातें. पेटी विकणाऱ्यास घराचें नांव, गांव व आळी विचारून तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. आंतील कागद आपणांस नको असतील तर ते पुणें येथील भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) किंवा धुळें येथील राजवाडे संशोधन मंडळ (स्थापना १९२७) अशा संस्थेस दाखवावे. टाकूं मात्र नयेत.

(५) कीड व दमट. नवी आणलेली जुनी पेटी लागलीच संग्रहाजवळ नेऊं नये. वेगळ्या खोलींत पांढऱ्या कागदावर महिनाभर ठेवावी. कागदावर बारीक ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. भोंकें जुनीं, काळवंडलेलीं व भुसा नाहीं, तर ती बहुधा गेलेली आहे. वाळवी मातीच्या नळ्या करून येते. म्हणून पेटी भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून दगडावर वा पायांवर उंच ठेवावी. मातीच्या भिंतींतील फडताळ पावसाळ्यांत ओल धरतें. त्यांत भांडीं ठेवावींत, पोथ्या नव्हेत. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ च्या वर टिकून राहिली तर बुरशी धरते. आर्द्रतामापक यंत्र आतां स्वस्त मिळतें, तें पेटींत ठेवावें. जुन्या पेट्यांस पूर्वीं विषारी औषधें फवारलेलीं असूं शकतात. साफसफाई करतांना तोंडास फडकें वा मास्क बांधावा.

(६) कागद व लाकूड ह्यांमधील पडदा. जाड फळीची पेटी बाहेरच्या हवेंतील रोजचा चढउतार आंत फारसा जाऊं देत नाहीं, हा तिचा गुण. मुंबईच्या गोदरेज कंपनीनें १९२३ पासून काढलेल्या पोलादी कपाटांत हा गुण नाहीं. पण त्यांस वाळवीही लागत नाहीं. लाकडाचा दोष असा कीं त्यांतून आम्लयुक्त वाफा निघतात व बंद पेटींत त्या सांचतात. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणचा हातकागद चिवट खरा. तरी त्यास उघड्या फळीशीं भिडवूं नये. पूर्वज रुमाल व बासन बांधीत तें उगाच नव्हे. आपणही धुतलेल्या बिनरंगी मांजरपाटांत कागद बांधावे. तांबडा खारवा परंपरेचा असला तरी ओल लागल्यास त्याचा रंग उतरूं शकतो. नव्या रोगणाची पेटी वास पूर्ण जाईपर्यंत रिकामी उघडी ठेवावी. आंतून रोगण न लावणेंच बरें.

(७) कायदा. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमाप्रमाणें ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु शंभर वर्षांची व हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचें झालें कीं तें पुरावस्तूंत मोडूं शकतें. अशी वस्तु खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं, व तिचा व्यापार परवान्यावांचून करितां येत नाहीं. परदेशस्थ आप्तांस घरची जुनी पेटी धाडण्यापूर्वीं हें ध्यानीं ठेवावें. आणि खरेदीची पावती पेटीच्या टांचणाबरोबर जपून ठेवावी.

सारांश, नक्षीवर भुलूं नये. कोरीव झांकण व किडकें बूड ह्यांपेक्षां साधें झांकण व निकोप बूड शतपट बरें. दोन पेट्यांत निवड करावयाची झाल्यास, जिचें घर, गांव व मालक सांगतां येतात ती घ्यावी. आणि खरेदी पक्की करण्यापूर्वीं विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य करावा : “हिच्यांत काय होतें, आणि तें कोठें गेलें?” वाळूजच्या रस्त्यावर एखाद्या उतरत्या घरापुढें हा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर पेटीबरोबर एखादें दप्तरही वांचेल.