जुनं घर, जुनी भिंत आणि सात फूट: गावातलं घर घेण्याआधी काय काय मोजायचं

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच विषयावर आल्या. 'गावात एक जुनं घर विकायला निघालंय, स्वस्तात मिळतंय, घेऊ का?' योगायोग असा की आमच्याच घरी हा विषय चालू होता. बाबा आता निवृत्त होतायत, त्यांना पुण्यात राहायचं नाही. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावात एक दगडी घर विकायला आहे. तीन खणांचं, पुढे ओसरी, वर माळवद, मागे थोडी परसातली जागा. मालक म्हणजे बाबांच्या वर्गातले एक काका, आता नांदेडला असतात. बाबा म्हणाले, 'अरे, ओळखीतला माणूस आहे. मोजणी कर म्हणून कसं सांगायचं?'

खरी अडचण तिथेच असते. कागद दोन दिवसांत कळतात. ज्याच्या घरी आपण लहानपणी आंबे खाल्ले त्याच्यापुढे टेप धरणं अवघड जातं.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. इंग्लंडमध्ये घर घेताना लोक 'सर्वे' करतात म्हणजे घराचीच तपासणी करतात. भिंत, छत, ओल, वाळवी, सगळी. जुन्या घरासाठी तिथे वेगळी, जास्त खोल तपासणी असते आणि तिचा अहवाल लेखी मिळतो. आपल्याकडे सर्वे म्हटलं की लोकांना आठवते मोजणी, म्हणजे जमिनीची हद्द. गावातल्या जुन्या घराला या दोन्हींची गरज असते, आणि बहुतेक व्यवहारांत दोन्हीपैकी एकही होत नाही. होते ती फक्त इसारपावती.

पांढरीचा कागद

आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. काळीला सातबारा असतो. पांढरीला नसतो. त्यामुळे कोणी गावठाणातल्या घराचा 'सातबारा दाखवतो' म्हणालं, तर एक तर ते घर गावठाणात नाही, शेतजमिनीवर आहे, किंवा समोरच्याला स्वतःलाच माहीत नाही.

मग गावात दाखवतात काय? ग्रामपंचायतीचा नमुना आठ. इथे मोठा गोंधळ आहे, नीट ऐका. महसूल खात्याचा 'आठ-अ' वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कोणत्या घराला किती घरपट्टी, हे त्यात लिहिलेलं असतं. कर कोण भरतो याची ती नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. त्यात मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव असे वेगळे रकाने असतात, ते दोन्ही वाचा. दोन नावं वेगळी निघाली तर तिथेच थांबून विचारायचं.

आमच्या घराच्या उताऱ्यात लांबी होती ४५ फूट. मी आणि चुलतभावाने टेप लावली, भरली साडेअडतीस. साधारण सात फूट कुठे गेले? मागे शेजाऱ्यांचा गोठा आहे. त्यांचं म्हणणं, गोठा त्यांच्या आजोबांपासून तिथेच आहे. काकांचं म्हणणं, वडिलांनी तोंडी वापरायला दिला होता. दोघंही खोटं बोलत नसतील. ४५ हा आकडा तरी कुठून आला? बऱ्याच वेळा कधीतरी पावलांनी किंवा अंदाजाने लिहिलेला आकडा वर्षानुवर्षं पुढच्या वहीत उतरत जातो. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, जुना डेटा कोणी तपासला नाही, फक्त कॉपी केला.

तिसरा कागद जुनं खरेदीखत. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याची मोकळी जागा, दक्षिणेस रस्ता. आता तो अमका वारला, घर तिघांत वाटलं गेलं, मोकळ्या जागेवर पिठाची गिरणी आली. म्हणजे पत्ता ज्या खुणेवर टेकवला होता ती खूणच राहिली नाही. म्हणून चतुःसीमेतलं एकेक नाव घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर घराभोवती एक फेरी मारायची. आमच्याकडे हे काम एका आजींनी केलं. कोणाची भिंत कोणी कोणत्या दुष्काळात बांधली, इथपर्यंत त्यांना पाठ होतं. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे फार जुना कागद उर्दूत किंवा मोडीत निघाला तर घाबरू नका. जाणकाराकडून वाचून घ्या.

ड्रोनने काय दिसतं

इथे चांगली बातमी आहे. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. त्याआधीच महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागासोबत पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, सोनोरी गावात, ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला होता. पद्धत अशी: आधी गावात चुन्याने हद्दी आखतात, मग ड्रोन उडतो, नकाशा तयार होतो, मग चौकशी अधिकारी कागद आणि हरकती बघतात, आणि शेवटी सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात एका दिवशी ६५ लाखांहून जास्त कार्डं वाटली गेली.

तुमच्या गावाची मिळकत पत्रिका झाली असेल तर पहिला प्रश्न हाच: 'काका, या घराची पत्रिका कोणाच्या नावावर निघालीय आणि क्षेत्र किती?' नमुना आठमधले फूट आणि पत्रिकेतले चौरस मीटर शेजारी ठेवून बघा. बँकेत कर्जाला गेलात तर तिथेही हीच पत्रिका आधी मागतील.

पण माझं मत सांगतो. ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंत नाही. दोन घरांची पत्रं एकमेकांवर आलेली असतील, मधली भिंत सामाईक असेल, तर ती भिंत कोणाची हे आकाशातून कळत नाही. ते चुना टाकताना जे तिथे उभे होते त्यांच्या बोलण्यावर ठरलेलं असतं. चुना पडला त्या दिवशी आपले काका नांदेडला होते आणि शेजारी गावात होता, तर रेघ कोणी दाखवली असेल? म्हणून पत्रिका असली तरी टेप लावायचीच.

हद्दीचा वाद दिसतोय आणि सरकारी मोजणी हवीय, तर अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जातो, आता ऑनलाइनही करता येतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. अर्ज मालकाने करायचा असतो, आपण अजून मालक नाही. त्यामुळे विकणाऱ्याला तयार करावं लागतं. लगतच्या लोकांना नोटिसा जातात, भूमापक सगळ्यांसमोर मोजतो, आणि मग नकाशाची 'क' प्रत मिळते. आम्ही काकांना एवढंच म्हणालो, 'फी आम्ही भरतो, अर्जावर सही तुमची.' काका जरा गप्प झाले, मग म्हणाले, 'बरं केलंस, उद्या माझ्या पोरांनाही उपयोगी पडेल.' बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा कमी झाला.

भिंतीला पोट

आता घराकडे. हिंगोलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, अकरा मिनिटांनी ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. केंद्र कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याच्या बाजूला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेत तर जमिनीतून गूढ आवाज येतात, ही अनेक वर्षांची गोष्ट. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाका असं आवाहन केलं होतं. गंमत बघा, याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगोची वेधशाळा होतेय, जी अणूपेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजणार. आणि आपण घर घेताना भिंतीला साधा ओळंबा लावत नाही.

४.५ चा धक्का मोठा नाही. पण तो जुन्या घरातला कमकुवतपणा उघडा करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते आपल्या आई-वडिलांना आठवत असेल. तिथलीही घरं अशीच होती: जाड दगडी भिंती, जोडायला चिखल, वर मातीचं जड छप्पर. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या दोन-अडीच फुटांच्या भिंतीत बाहेरचा एक दगडी थर असतो, आतला एक, आणि मधे दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार लांब दगड नसले तर हादऱ्यात थर वेगळे होतात आणि भिंत फुटते. वर माळवदावर दर पावसाळ्याआधी टाकलेली माती, पिढ्यान्पिढ्या साचलेली. तेवढं वजन माणसांच्या डोक्यावर.

आम्ही एक सिव्हिल इंजिनिअर नेला आणि सोबत गावातले जुने गवंडी. दोघांची फी मिळून माझ्या गाडीच्या एका हप्त्यापेक्षा कमी झाली. इंजिनिअर लेखी अहवाल देतो, गवंड्याला त्या घराचा इतिहास माहीत असतो, म्हणून दोघंही हवेत. गवंडीमामांनी मागच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'पोट आलंय हिला.' ओळंबा लावला तर भिंत मध्यावर बाहेर फुगलेली. रंग नवा होता, नुसत्या डोळ्यांना दिसलं नसतं. नवा रंग दिसला की मला आता उलट शंका येते.

भेगांमध्ये फरक असतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषा सोडून द्या. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग म्हणजे पाया हललाय. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया तिच्यावरच उथळ टेकलेला असेल तर घर दरवर्षी वर-खाली होतं. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात उभी भेग असेल तर ती जास्त गंभीर, भिंती एकमेकींना सोडतायत. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवा, तारीख लिहा, मोबाइलने फोटो काढा. महिन्या-दोन महिन्यांनी पट्टी फाटलेली असेल तर भेग जिवंत आहे.

लाकडाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, विशेषतः तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथे आणि खांबाच्या बुडाशी. ओल आणि वाळवी तिथूनच सुरू होते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा खार फुटलाय का, ते बघा. आणि जमलं तर एक भेट भर पावसात द्या. छत कुठे गळतं, शेजाऱ्याच्या पागोळ्यांचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, नाली कुठून जाते, गल्लीत पाणी तुंबतं का, हे ऑगस्टमध्ये अर्ध्या तासात कळतं. कयाधूच्या काठच्या गावात घर असेल तर पूर कुठल्या पायरीपर्यंत आला होता, तेही विचारा.

इंजिनिअरचा सल्ला असा निघाला: मागची भिंत उतरवून नव्याने बांधायची, माळवदावरची माती काढून हलकं छप्पर घ्यायचं, आणि भिंतींवर सगळीकडून काँक्रिटचा सलग पट्टा फिरवायचा. दगड-मातीच्या घरांसाठी आयएस १३८२८ हे मानक १९९३ सालचंच आहे, त्यात आरपार दगड आणि असे पट्टे दिलेत. या खर्चाचा अंदाज घेऊन आम्ही काकांकडे गेलो. किंमत कमी करण्यासाठी घासाघीस करावी लागली नाही, कागद पुढे ठेवला.

सह्या कोणाच्या

हे पटकन सांगतो. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून 'बॉन्डवर' घर घेऊ नका. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. घर गायरानावर किंवा दुसऱ्या सरकारी जागेवर नाही ना, हे तलाठ्याकडे बघा. वर्ग दोनची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर आधी परवानगीचा प्रश्न येतो.

आणि बहिणी. घर वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्कं झालंय. काकांना दोन बहिणी आहेत. 'त्या काही मागत नाहीत,' असं काका म्हणाले. आईने थेट फोन लावला. वाशिमच्या आत्या म्हणाल्या, 'मला कोणी विचारलंच नव्हतं. सही देते, पण माझा हिस्सा माझ्या खात्यात.' आता खरेदीखतात तिघांची नावं विकणारे म्हणून येणार आहेत आणि पैसे तीन खात्यांत जाणार आहेत.

आजची स्थिती अशी. इसारपावतीत आम्ही लिहून घेतलंय की उरलेली रक्कम मोजणीनंतर, आणि जेवढं क्षेत्र प्रत्यक्ष भरेल तेवढ्याचेच पैसे. मोजणीची तारीख अजून यायची आहे. गोठेवाल्या शेजाऱ्यांकडे बाबा परवा चहाला जाऊन आले. ते म्हणाले, मोजणीच्या दिवशी मी हजर राहतो, जे निघेल ते निघेल.

तुमच्या घराच्या चतुःसीमेत एखादं विचित्र नाव किंवा खूण असेल तर व्हॉइस नोट पाठवा, गाव आणि माणसांची नावं गाळून. पुढच्या भागात 'क' प्रत कशी वाचायची ते बघू, तोवर आमचीही हातात आलेली असेल अशी आशा.