एमआरआयचे यंत्र आणि हिऱ्यांच्या चिमटीतला दाब

अकोले किंवा पाथर्डीच्या वाडीवरच्या रुग्णाला ‘एमआरआय काढून आणा’ असे सांगितले, की घरचे आधी गाडीची आणि पैशांची जुळवाजुळव करतात. अहिल्यानगर जिल्ह्यात हे यंत्र एक्स-रेसारखे गावोगावी का नसते? एक कारण त्याच्या चुंबकात आहे. बहुतेक यंत्रांत चुंबकाची तार नायोबियम-टायटॅनियमची असते. द्रवरूप हेलियमने ती उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत गार केली, की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. हीच अतिसंवाहकता. हेलियम मात्र महाग आणि दुर्मीळ.

एवढ्या थंडीशिवाय हे साधेल का? एक वाट दाबाची आहे. शुद्ध बिस्मथ अतिसंवाहक होतो, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दाखवले, पण निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३.१५ अंश) अवघे ०.०००५३ अंश वर. तोच बिस्मथ जबर दाबाखाली ठेवला, की त्याच्या अणूंची मांडणी बदलते आणि शून्याच्या सुमारे ८ अंश वरच हा गुण दिसू लागतो.

पण असा प्रत्येक पदार्थ दाबून पाहायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून आधी संगणक कामाला लागतो. ठरावीक दाबाला अणूंच्या हजारो मांडण्या तो तपासतो, सर्वांत कमी ऊर्जेची निवडतो आणि ती किती तापमानाला अतिसंवाहक होईल याचे गणित करतो. हायड्रोजनचे हलके अणू वेगाने कंप पावतात, म्हणून त्याच्या संयुगांवर जास्त भिस्त.

सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड दाबला, तर एका गंधकामागे तीन हायड्रोजन असे संयुग बनेल आणि ते सुमारे उणे ७० अंशांपर्यंत अतिसंवाहक राहील, असे भाकीत २०१४ मध्ये चीनमधील संशोधकांनी केले. २०१५ मध्ये जर्मनीत माइन्झ येथे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, वातावरणाच्या सुमारे १५ लाख पट दाबाखाली, तसेच मोजले गेले. लँथॅनम आणि हायड्रोजनच्या संयुगाचे भाकीत २०१७ चे. २०१९ मध्ये ते उणे २३ अंशांपर्यंत पोहोचले.

तरी घाई नको. सामान्य तापमानाला अतिसंवाहकता मिळाल्याचा २०२० मधला गाजलेला दावा ‘नेचर’ नियतकालिकाने २०२२ मध्ये मागे घेतला. शिवाय दाब काढला, की ही संयुगे टिकत नाहीत. म्हणून आता शोध आहे तो कमी दाबात टिकणाऱ्या संयुगाचा. ते सापडले आणि त्याची तार ओढता आली, तर एमआरआयला हेलियमची गरज उरणार नाही. तोवर वाडीवरच्या रुग्णाला गाडी शोधावीच लागेल.