विश्लेषण : जावा फुकट की विकत? जेडीके कोणाचे, यावर ठरते बिल!

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून सगळे ऐकत आलेले असतात. पण जावात प्रोग्राम तयार करण्यासाठी लागणारे जेडीके, म्हणजे जावा डेव्हलपमेंट किट, कोणाचे घेतले यावर कंपनीला बिल येणार की नाही हे ठरते.

फरक नेमका कशात?
सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा आणली आणि २००६ मध्ये तिचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. त्यातून ओपन-जेडीके उभे राहिले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. जावा ११ पासून ओरॅकलचे जेडीके आणि ओपन-जेडीके कामाच्या दृष्टीने जवळपास सारखेच आहेत. मुख्य फरक लायसन्सचा.

ओपन-जेडीकेची अट काय?
त्याला जीपीएल-२ लायसन्स 'क्लासपाथ एक्सेप्शन'सह लागू आहे. व्यवसायात, कितीही सर्व्हरवर ते मोफत चालते. त्यावर बनवलेल्या तुमच्या अॅपचा कोड उघड करावा लागत नाही. मात्र जेडीकेमध्येच बदल करून ते इतरांना दिले, तर त्या बदलांचा कोडही द्यावा लागतो.

ओरॅकलचे नियम कसे बदलले?
एप्रिल २०१९ पासून जावा ८ चे नवे अपडेट वैयक्तिक वापरासाठी आणि डेव्हलपमेंटसाठीच मोफत राहिले. २०२१ मध्ये जावा १७ सोबत व्यावसायिक वापरही मोफत झाला, पण मुदतीपुरता. पुढची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती आल्यावर वर्षभरच ही सवलत. जावा २१ सप्टेंबर २०२३ मध्ये आली, त्यामुळे १७ ची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. आधी घेतलेले अपडेट वापरता येतात. नंतरचे व्यवसायात वापरायचे तर पैसे. आणि अपडेट टाळले तर सुरक्षेतील त्रुटी तशाच राहतात. खरी मेख इथेच आहे.

बिल किती येऊ शकते?
जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने कर्मचारीसंख्येवर आधारित सबस्क्रिप्शन आणले. ९९९ पर्यंत कर्मचारी असल्यास जाहीर दर माणशी महिना १५ डॉलर. म्हणजे २०० जणांच्या कंपनीत जावा एकाच सर्व्हरवर असली, तरी वर्षाचे ३६ हजार डॉलर. हिशेबात अकाउंट्सवाले आणि पार्ट-टाइम कर्मचारीही येतात.

मग करायचे काय?
आधी प्रत्येक मशीनवर जावाची आवृत्ती दाखवणारी कमांड चालवा. उत्तरात 'ओपन-जेडीके' दिसले, तर ते ओरॅकलचे व्यावसायिक जेडीके नाही. ते नाव दिसले नाही, तर कोणते अपडेट आहे आणि त्याला कोणते लायसन्स लागू आहे, हे पाहा. इक्लिप्स टेमुरिन, अॅमेझॉन कोरेटो, मायक्रोसॉफ्टचे ओपन-जेडीके हे मोफत पर्याय आहेत. बदल सहसा सोपा असतो. पण जावा ८ वरील जुने अॅप 'वेब स्टार्ट'वर चालत असेल, तर आधी चाचणी घ्या. आणि ऑटो-अपडेट सुरू ठेवण्यापूर्वी लायसन्सचे पान एकदा वाचाच!