टॅब बदलू की बॅटरी?

नवं मॉडेल आलं की हातातलं जुनं एका रात्रीत म्हातारं वाटायला लागतं. पण अपग्रेडची गरज टॅबला असते की आपल्या मूडला?

रविवारची संध्याकाळ. कळंबचा किनारा. सुरूच्या झाडांतून वारा सुटलेला, घोडेवाल्यांची गडबड, वीकेण्डला मुंबईहून आलेल्या पब्लिकचं फोटोसेशन जोरात. समुद्राजवळ घर असलं की रविवारी पाहुणे ठरलेले. त्या दिवशी माझी जुनी कलीग आली होती. तिनं बॅगेतून टॅब काढला. नवाकोरा आयपॅड, ए16 चिपवाला. मावळतीचा फोटो टिपला, तिथल्या तिथे एडिट केला आणि ग्रुपवर पाठवूनही दिला. मीही ऐटीत माझा आयपॅड काढला, तर स्क्रीनवर ‘स्टोरेज फुल’!

‘अगं, अजून हाच? बदल की आता!’

झालं. डोक्यात किडा वळवळायला लागला.

सोबती सेव्हन्थ जनरेशन

माझा आयपॅड 2019 मध्ये आलेला सातव्या पिढीचा. 32 जीबीचा, किंमत तेव्हा 29,900. मास कॉम संपवून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा साठवलेल्या पैशांतून घेतला. मुलाखती, नोट्स, लेख सगळं यावरच. विरार-चर्चगेट लोकलमध्ये नालासोपाऱ्याला चढलेल्या माणसाला लॅपटॉप उघडायला मांडी कुठून मिळणार? उभ्याउभ्या एका हातात टॅब मात्र मावतो.

अलीकडे तो दुपारीच मान टाकायचा. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायची सवय माझी, फोटो न काढून टाकायचा आळसही माझाच. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये आयपॅडओएस 26 आलं, त्याच्या यादीत माझं मॉडेल नव्हतं. म्हणजे ऑफिशियली म्हातारा! नंतर कळलं, की जुन्या 18 व्हर्जनसाठी सिक्युरिटी अपडेट त्यानंतरही आले. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

कागदावरचा हिशोब

रात्री वही घेऊन बसले. मार्च 2025 मध्ये ए16 आयपॅड आला तेव्हा त्याची भारतातली किंमत होती 34,900. त्यात स्टोरेज 128 जीबी, म्हणजे माझ्या चौपट. रॅम 3 ऐवजी 6 जीबी. माझ्यातली ए10 चिप तर 2016 च्या आयफोन 7 मधली, म्हणजे मी टॅब घेतला तेव्हाच ती शिळी होती. स्पीडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. पैसे वसूल, नाही का?

थांबा. पिक्चर अभी बाकी है! माझा कीबोर्ड या मॉडेलला बसत नाही. जुनी पेन्सिल चालते, पण वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. चार्जिंगची पिनही बदलली. आणि हेडफोनचा जॅक गायब! लोकलमध्ये घेतलेले माझे स्वस्तातले इअरफोन्स, ज्यांवर मी तासन् तास मुलाखती ऐकते, ते थेट भंगारात. 34,900 ही फक्त एंट्री फी होती.

‘नो कॉस्ट ईएमआय घे ना,’ कलीगचा सल्ला. बारा महिन्यांचे साधारण 2,900. ऐकायला गोड. पण शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सुनावलं होतं. व्याज कुठेतरी दडलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. पगारदाराला हे जमूनही जाईल. माझं मानधन तीन-तीन महिन्यांनी येतं. हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता दारात उभा.

एक्स्चेंजमध्ये काय जातं?

मग आठवली एक्स्चेंज ऑफर. जुना टॅब द्या, थोडी सूट घ्या. सकाळी चहा घेता घेता बाबांना सांगितलं. बाबा ओटीवर माझाच टॅब घेऊन बसले होते. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून छापील पेपर त्यांना वाचवत नाही. रोज सकाळी ते ई-पेपर उघडतात, दोन बोटांनी अक्षरं मोठी करतात आणि अग्रलेखापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचून काढतात. हे शिकायला त्यांना तीन महिने लागले.

‘घे की नवा. तुझ्या कामाचं आहे,’ ते म्हणाले. मग हळूच, ‘हा परत द्यावा लागेल का गं?’

माझ्या वहीतल्या हिशोबात ही ओळ नव्हतीच.

थांबायचं कुठपर्यंत?

थोडं मागे जाऊ. पहिला आयपॅड भारतात आला जानेवारी 2011 मध्ये. लोकांनी हौसेनं घेतला. आणि 2 मार्च 2011 ला अमेरिकेत आयपॅड 2 जाहीर! दीड महिन्यात ‘लेटेस्ट’चं ‘जुनं’ झालं. तुम्ही काहीही घ्या, नवं मॉडेल कुठेतरी पॅक होतच असतं.

याचा अर्थ कधीच घेऊ नका असा नाही. व्हिडीओ एडिट करता, ड्रॉइंग करता, टॅब अडकला की काम अडकतं, तर बिनधास्त बदला. बँकेचं अ‍ॅप चालेनासं झालं, सिक्युरिटी अपडेट बंद झाले, तरीही बदला. माझं काम मात्र लिहिणं आणि ऐकणं. जुन्या टॅबमुळे एकही डेडलाइन चुकली नव्हती.

शेवटी मी काय केलं? फोटो हार्ड डिस्कवर टाकले, 11 जीबी मोकळी झाली. बॅटरी बदलून घेतली. आणि दर महिन्याला 2,900 आरडीत टाकायला सुरुवात केली. ईएमआयच, पण स्वतःला. वर्षभरानं जे मॉडेल असेल ते रोखीनं घेईन, आणि एक्स्चेंज न करता. तोवर सकाळी आठपर्यंत टॅब बाबांचा, नंतर माझा.

‘बाय नाऊ’ दाबण्यापूर्वी

• जुन्या टॅबमुळे गेल्या महिन्यात नेमकं कोणतं काम अडलं? आठवत नसेल, तर थांबा.
• प्रॉब्लेम बॅटरीचा आहे, स्टोरेजचा की स्पीडचा? पहिले दोन नवा टॅब न घेताही सुटतात.
• कीबोर्ड, पेन्सिल, चार्जर, इअरफोन्स नव्याला चालतील का? त्यांचा खर्च किमतीत मिळवा.
• तुमच्या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट येतायत का, ते सेटिंग्जमध्ये बघा.
• घरात तो टॅब अजून कोण वापरतं? त्यांना आधी विचारा.

कलीग परवा पुन्हा आली होती. ‘बदललास?’ तिनं विचारलं. ‘हो,’ मी म्हटलं, ‘बॅटरी!’