मेमरी संपते तेव्हा बळी कुणाचा?

मोबाइलवर लांबलचक अर्ज भरत आणलेला असतो. फोटो जोडण्यासाठी कॅमेरा उघडावा आणि परत यावे, तर अर्ज कोरा! दोष इंटरनेटच्या माथी मारला जातो. पण अनेकदा कारण वेगळेच असते. कॅमेऱ्याला जागा हवी होती, म्हणून फोनने मागे राहिलेले अॅप परस्पर बंद केलेले असते.

अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचे 'कर्नेल' असते. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले हे कर्नेल आज जगभरातील असंख्य सर्व्हरही चालवते. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, हे तेच ठरवते.

या वाटपाची रीत लग्नाच्या जेवणावळीसारखी आहे. पत्रिका हजार वाटल्या, तरी स्वयंपाक सातशे पानांचाच होतो. सगळे येत नाहीत, हे यजमानाला ठाऊक असते. प्रोग्रॅमही गरजेपेक्षा जास्त मेमरी मागून ठेवतात. कर्नेल सहसा 'हो' म्हणते आणि प्रत्यक्ष जागा वापर सुरू झाल्यावरच देते. एरवी हे निभावते. पण सगळे पाहुणे एकदम आले तर?

तेव्हा लिनक्समधील 'ओओएम किलर' जागा होतो. ओओएम म्हणजे 'आउट ऑफ मेमरी'. तो प्रत्येक प्रोग्रॅमला गुण देतो आणि सर्वाधिक गुणांचा प्रोग्रॅम तत्काळ बंद करतो. गुण मुख्यतः व्यापलेल्या मेमरीवर ठरतात. गोची इथेच आहे. समजा, रुग्णालयाच्या सर्व्हरवर रात्री अहवाल काढणारा एखादा प्रोग्रॅम फुगत गेला. चूक त्याची, पण सर्वांत जास्त जागा रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसने व्यापलेली असेल, तर बळी डेटाबेसचा जातो.

हे टाळायचे तर मर्यादा आधीच ठरवाव्या लागतात. पहिला उपाय गुणांत फेरफार करण्याचा. उणे १००० ते अधिक १००० अशी ही पट्टी असते. उणे १००० म्हणजे 'याला हात लावू नका'. मात्र असा प्रोग्रॅम स्वतःच फुगत गेला, तर त्याच्यापायी इतरांचे बळी जातात.

दुसरा उपाय हिशेब कडक करण्याचा. ऐपतीबाहेरच्या मागणीला कर्नेल आधीच नकार देते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेतही हा पर्याय सुचवला आहे. पण या पद्धतीत सहसा अर्धी रॅम अधिक स्वॅप, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा, एवढीच मर्यादा धरलेली असते. १६ जीबी रॅम आणि ४ जीबी स्वॅप असेल, तर १२ जीबीनंतर नकार सुरू. म्हणून हे प्रमाण पाहून वाढवावे लागते.

तिसरा उपाय वेगळी चूल मांडून देण्याचा. 'सी-ग्रुप' या सोयीचे काम गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केले आणि २००८ मध्ये ती लिनक्समध्ये आली. अहवालाच्या प्रोग्रॅमला २ जीबीची चौकट आखली, की तो फुगला तरी त्याचा फटका त्याच चौकटीत राहतो. डेटाबेस सुखरूप राहतो. चौकट फारच आवळली, तर मात्र बाहेर रॅम मोकळी असूनही प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून आठवडाभराचा खरा वापर, विशेषतः गर्दीच्या वेळचा, मोजून मगच आकडा ठरवावा.

फोनवर ही व्यवस्था तयारच मिळते. समोर उघडलेले अॅप शेवटपर्यंत राखायचे आणि मागे पडलेली आधी बंद करायची, असा तिचा क्रम असतो. त्यामुळे 'रॅम साफ' करणाऱ्या अॅपची सहसा गरज नसते. उलट बंद केलेले अॅप नव्याने उघडताना बॅटरी अधिक खर्च होते. रिकामी रॅम ही बचत नव्हे. ती वापरात असणेच चांगले.

अर्ज भरताना मात्र कॅमेऱ्याकडे वळण्यापूर्वी 'सेव्ह' जरूर दाबावे. फोटो आधीच काढून ठेवला, तर आणखी उत्तम.